एकच एक्स, पण काम दोघांचं: फळमाशीतला नर आपली तूट कशी भरून काढतो

पिकून मऊ पडलेल्या फळाभोवती ज्या बारीक माश्या घिरट्या घालतात, त्यांचे डोळे विटकरी लाल असतात. प्रयोगशाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या फळमाश्यांत मात्र डोळ्यांचे कितीतरी वेगळे रंग सापडले आहेत. त्यातला एक जर्दाळूचा, म्हणजे फिकट नारिंगी. डोळ्यात रंग भरणाऱ्या एका जनुकात बिघाड झाला की हा रंग येतो. जनुक पूर्ण बंद पडलं तर डोळे पांढरेफटक होतात. इथे ते अर्धमुर्धं काम करतं, म्हणून थोडाच रंग उतरतो.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे एक्स दोन असतात, नराकडे एकच. म्हणजे मादीत या लंगड्या जनुकाच्या दोन प्रती आणि नरात एक. तरीही जर्दाळू डोळ्यांची मादी आणि तसाच नर भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले, तर रंगात फरक दिसत नाही.

वाटेल, की प्रती किती आहेत याने काही बिघडतच नसेल. जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी नेमकं तेच तपासलं. ज्या मादीच्या एका एक्सवरून हे जनुक गळून गेलं आहे, अशी मादी त्यांनी पाहिली. तिच्याकडे एकच प्रत उरली होती आणि तिचे डोळे आणखी फिकट होते. उलट नराला एक जादा प्रत मिळाली, की त्याचे डोळे गडद होत. म्हणजे प्रतींचा हिशेब चोख लागतो, एक कमी झाली की लगेच दिसतं. मग नराची एक प्रत मादीच्या दोन प्रतींची जागा कशी भरून काढते? १९३२ मध्ये मुलर यांनी या प्रकाराला 'डोसेज कॉम्पेन्सेशन' असं नाव दिलं. आपण मात्रा-भरपाई म्हणू. इथे मात्रा म्हणजे जनुकाच्या प्रतींची संख्या, आणि नराची जी मात्रा कमी पडते तिची ही भरपाई.

डोळ्याच्या रंगातला हा एवढासा फरक मुलर यांना महत्त्वाचा वाटला, याचं मला फार कौतुक आहे. कारण हा प्रश्न रंगाचा नव्हताच, जगण्या-मरण्याचा होता.

तूट आली कुठून

फळमाशीच्या पेशीत गुणसूत्रांच्या चार जोड्या असतात. दुसरी आणि तिसरी जोडी लांबलचक, चौथी ठिपक्याएवढी, आणि पहिली जोडी लिंगाची: मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय. वायवर जनुकं अगदी मोजकी आणि तीही बहुतेक शुक्राणू घडवण्याच्या कामाची. वाय नसलेला, फक्त एक एक्स असलेला नर दिसायला धडधाकट असतो, पण त्याला पिल्लं होत नाहीत. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी हे १९१६ मध्येच दाखवलं होतं. माणसात वाय असला की मुलगा. माशीत वायला तो मान नाही.

एक्सची गोष्ट अगदी निराळी. माशीत प्रथिनं बनवणारी सुमारे १४ हजार जनुकं आहेत, त्यातली दोन हजारांहून अधिक एक्सवर. त्यांचा लिंगाशी फारसा संबंधही नाही. पंख, मज्जातंतू, पचन, पेशीची रोजची कामं, सगळ्यातली जनुकं तिथे आहेत. डोळ्याच्या रंगाचं त्यातलंच एक.

एकेकाळी एक्स आणि वाय ही इतर जोड्यांसारखीच साधी जोडी होती. पुढे त्यांच्यात डीएनएच्या तुकड्यांची देवाणघेवाण थांबली. देवाणघेवाण थांबलेल्या गुणसूत्रावर बिघाड साचत जातात, कारण चांगला तुकडा घेऊन वाईट टाकून देण्याची सोयच उरत नाही. तसं वाय झिजत गेलं, त्यावरची जनुकं एकामागून एक निकामी झाली. नराची तूट ही या झिजेची किंमत आहे.

आणि ही किंमत मोठी आहे. पेशीतली प्रथिनं सुटी सुटी काम करत नाहीत, जोडून काम करतात. चार पाय आणि एक बैठक मिळून खुर्ची होते. पाय एका गुणसूत्रावरच्या जनुकाने बनवायचे आणि बैठक दुसऱ्यावरच्या. एकाचं उत्पादन निम्म्यावर आलं तर निम्म्या बैठका नुसत्या पडून राहणार. एखाद्या जनुकाच्या बाबतीत पेशी हे निभावून नेते, पण शेकडो जनुकांचं प्रमाण एकदम बिघडलं तर नाही. माशीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या गुणसूत्राची एक अख्खी प्रत नसेल तर ती माशी जन्माला येतच नाही. एक्सच्या बाबतीत मात्र जगातल्या निम्म्या फळमाश्या एकच प्रत घेऊन जन्मतात आणि खुशाल उडत असतात.

ही अडचण एकट्या माशीची नाही, आणि प्रत्येक प्राणीकुळाने त्यातून आपापली वाट काढली. सस्तन प्राण्यांत मादी आपल्या दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद करते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. सी. एलिगन्स नावाच्या बारीक कृमीत दोन एक्स असलेला जीव दोन्ही एक्स निम्म्या जोमाने चालवतो. माशीनेही यातलंच काहीतरी केलं असेल, की नराचा एक्सच दुप्पट राबत असेल? डोळ्यांकडे बघून हे कळत नाही. तिन्ही मार्गांनी रंग सारखाच येईल.

लाळग्रंथीतला पुरावा

उत्तर मिळालं ते माशीच्या अळीच्या लाळग्रंथीत, आणि तिथे कसं पोचतात ते सांगण्यासारखं आहे.

कोषात जायच्या बेतात असलेली अळी खाणं सोडते आणि बाटलीच्या काचेवर वर चढू लागते. ती उचलून मिठाच्या सौम्य पाण्याच्या थेंबात ठेवायची. भिंगाखाली एका सुईने तिचं अंग दाबून धरायचं आणि दुसऱ्या सुईने तोंडाजवळचे काळे आकडे धरून हलकेच ओढायचं. डोक्याबरोबर दोन पारदर्शक, काचेसारख्या पिशव्या बाहेर येतात. कडेला पांढरट चरबी चिकटलेली असते, ती सोडवायची. याच लाळग्रंथी. त्यांच्यावर रंगाचा थेंब टाकून वर काचेची पातळ चकती ठेवायची आणि अंगठ्याने नीट, न सरकवता दाबायचं. चकती सरकली की सगळं मुसळ केरात.

दाब नेमका बसला तर सूक्ष्मदर्शकात आडव्या पट्ट्यांच्या लांब फिती पसरलेल्या दिसतात. ही गुणसूत्रं. साध्या पेशीत गुणसूत्र इतकं बारीक असतं, की त्यावरचं काम बघायची सोय नसते. या ग्रंथीतल्या पेशी मात्र विभागल्या न जाता डीएनएच्या प्रती काढत राहतात आणि हजारेक धागे एकमेकांना चिकटून एक जाड दोर तयार होतो. शिवाय आईकडून आणि बापाकडून आलेली जोडीतली दोन गुणसूत्रंही इथे एकमेकांना बिलगून असतात. त्यामुळे मादीच्या एक्सचा दोर दोघांचा मिळून असतो आणि नराचा एकट्याचा. नराचा दोर निम्म्या जाडीचा दिसायला हवा. प्रत्यक्षात तो बराच रुंद दिसतो, जवळजवळ मादीच्या दोरासारखाच. फक्त रंगाने फिका आणि पोताने सैल, पिंजलेल्या कापसासारखा.

१९६५ मध्ये ए. एस. मुखर्जी आणि वोल्फगांग बीरमान यांनी या ग्रंथींना किरणोत्सारी युरिडीन दिलं. युरिडीन हा आरएनएचा कच्चा माल आहे. जनुक चालू असलं की त्याची आरएनए नक्कल निघते, आणि जिथे नक्कल निघत असेल तिथे हा किरणोत्सारी माल गोळा होतो. वरून छायाचित्रणाचा लेप दिला की त्या जागी चांदीचे काळे कण उमटतात. ते कण मोजायचे. मादीच्या दोन एक्सवर मिळून जेवढे कण, जवळपास तेवढेच नराच्या एकट्या एक्सवर निघाले. मादीचा कोणताही एक्स झोपलेला नव्हता. नराचाच एक्स दुप्पट कामाला लागला होता.

पुढे सुभाष लाखोटिया आणि मुखर्जी यांनी १९६९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. काही माश्यांच्या अंगात काही पेशी दोन एक्सच्या आणि काही एका एक्सच्या असतात. अशा मिश्र माशीच्या ग्रंथीतली प्रत्येक पेशी आपल्यापुरता निर्णय घेते. शेजारची पेशी मादीची असली तरी नर-पेशीतला एक्स दुप्पटच चालतो. अंगभर फिरणारं कुठलंही संप्रेरक हे ठरवत नाही. हिशेब पेशीच्या आतच होतो.

नर मरतात तेव्हा

आता शोध सुरू झाला तो दुप्पट काम करवून घेणाऱ्याचा. जनुकशास्त्रज्ञांची पद्धत साधी आणि निष्ठुर असते: काहीतरी मोडा आणि काय थांबतं ते बघा. मात्रा-भरपाईचं जनुक मोडलं तर काय व्हावं? नरांनी मरावं आणि मादींना धक्काही लागू नये. १९७०च्या दशकापासून अशी जनुकं हाती लागू लागली. त्यांना मेल-स्पेसिफिक लीथल, थोडक्यात एमएसएल, म्हणतात. अर्थ 'फक्त नराला मारणारी'. नाव फसवं आहे. जनुक नराला मारत नाही, जगवतं. ते नसलं की नर मरतो, बहुधा अळी मोठी होऊन कोषात जायच्या सुमारास. पण जनुकशास्त्रात जनुकाचं नाव बहुतेकदा ते बिघडल्यावर काय दिसतं त्यावरून पडतं. पांढऱ्या डोळ्यांवरून ज्याचं नाव 'व्हाइट' पडलं, त्या जनुकाचं खरं काम डोळ्यात रंग भरण्याचं आहे.

अशी पाच जनुकं सापडली आणि त्यांची पाच प्रथिनं एकत्र येऊन एक यंत्र बनतं असं दिसलं: एमएसएल-१, एमएसएल-२, एमएसएल-३, एमएलई आणि एमओएफ. एमएसएल-१ हा सांगाडा, बाकीचे त्याला धरून असतात. एमएसएल-२ डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखतो. एमएलई आरएनएच्या गुंतलेल्या घड्या उलगडतो. एमओएफकडे प्रत्यक्ष अवजार आहे, त्याच्याकडे पुढे येऊ. या प्रथिनांना चिकटणारा चमकता रंग लाळग्रंथीवर घातला, तर सगळ्या फितींमध्ये नराचा एक्स तेवढा उजळून निघतो. बाकी सगळं अंधारात. मात्रा-भरपाई एकाच चित्रात दाखवायची झाली, तर मी हेच दाखवीन.

यंत्रात फक्त प्रथिनं नाहीत. १९९७ मध्ये आरओएक्स-१ आणि आरओएक्स-२ असे दोन आरएनए सापडले. यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते आरएनए म्हणूनच यंत्रात बसतात. एक सुमारे ३,७०० अक्षरांचा, दुसरा जेमतेम ६०० च्या आसपास. अक्षरांचा क्रमही बहुतेक वेगळा. तरी एक नसला तर दुसरा काम भागवतो. दोन्ही नसले तर बहुतेक नर मरतात. ज्या दोन गटांनी हे शोधले त्यातले एक रिचर्ड ॲक्सेल. ते माशीच्या मेंदूत फक्त नरात सापडणारे आरएनए धुंडाळत होते. वासाच्या संवेदनेवरच्या कामासाठी त्यांना पुढे २००४ मध्ये नोबेल मिळालं.

दोन एक्स आहेत हे कळतं कसं

मादीत हे यंत्र चालू झालं तर अनर्थ होईल. तिच्या दोन्ही एक्सचं काम दुप्पट झालं, की एकूण काम हवं त्याच्या दुप्पट. १९९५ मध्ये मुद्दाम तसं करून पाहिलं गेलं: मादीच्या पेशीत एमएसएल-२ जबरदस्तीने बनवायला लावलं. यंत्र लगेच जुळलं, दोन्ही एक्सवर जाऊन बसलं, आणि माद्यांची वाढ खुंटली, पुष्कळशा मेल्या. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. यंत्राची बाकीची सामग्री मादीतही थोडीफार असते. नसतं ते एमएसएल-२. या सगळ्या कारखान्याची किल्ली एकाच प्रथिनाच्या हाती आहे.

मादी ती किल्ली दडवते कशी? तिच्याकडे सेक्स-लीथल नावाचं जनुक चालू असतं. त्याचं प्रथिन एमएसएल-२च्या आरएनए नकलेला दोन्ही टोकांशी जाऊन चिकटतं. त्यामुळे त्या नकलेवरून प्रथिन वाचलं जात नाही. जनुक शाबूत, नक्कलही निघालेली, पण तोंड बंद. नरात सेक्स-लीथलचं कामाचं प्रथिन नसतं, म्हणून एमएसएल-२ बिनबोभाट बनतं.

मग सेक्स-लीथलला तरी कसं कळतं, की आपण मादीत आहोत? इथे माशी अक्षरशः मोजते. अंडं फलित झाल्यावर पहिले दोन-तीन तास पेशींच्या भिंतीच नसतात. एकाच पोटात केंद्रकं भराभर दुप्पट होत जातात. एक्सवर काही अशी जनुकं आहेत, की ज्यांची प्रथिनं सेक्स-लीथलला जागं करतात. एक्स दोन असले की ही प्रथिनं दुप्पट बनतात आणि वेळेत पुरेशी साचतात. एक्स एकच असला तर साचत नाहीत, आणि वेळ निघून जाते. पूर्वी समजलं जायचं की पेशी एक्सची संख्या इतर गुणसूत्रांच्या संख्येशी ताडून पाहते. ती कल्पना ब्रिजेस यांची. २००७ मध्ये जेम्स एरिक्सन आणि जेरोम क्विंटेरो यांनी दाखवलं, की खरं महत्त्व एक्सच्याच संख्येला आहे. इतर गुणसूत्रांचा परिणाम होतो तो मोजणीला किती वेळ मिळतो यावर.

एकदा सेक्स-लीथल जागं झालं, की त्याचं प्रथिन स्वतःच्याच आरएनएची काटछाट अशी करवतं की पुन्हा तेच प्रथिन बनावं. सुरुवातीचे इशारे विरून जातात, पण हा निर्णय माशीच्या मरणापर्यंत टिकतो. हेच प्रथिन मादीचं शरीर घडवण्याची साखळीही चालू करतं. शरीर मादीचं हवं, हा निर्णय आणि एक्स दुप्पट चालवू नये, हा निर्णय, दोन्ही एकाच हाताने घेतले जातात. म्हणून त्यात गल्लत होत नाही. झाली तर दोन्ही बाजूंनी मरण आहे: सेक्स-लीथल नसलेली मादी जादा मात्रेने मरते, आणि ते चुकून चालू झालेला नर भरपाईविना.

पत्ता शोधायचा कसा

एवढं वाचून वाटेल की झालं, यंत्र आहे, किल्ली आहे. मला मात्र या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न इथून पुढे दिसतो. दुप्पट करणं एकवेळ सोपं. पेशीच्या केंद्रकात सगळी गुणसूत्रं एकमेकांत मिसळलेली असतात, त्यातलं एक्स नेमकं कोणतं हे ओळखायचं कसं? डीएनए सगळीकडे त्याच चार अक्षरांचा.

एक्सवर यंत्राच्या उतरण्याच्या काही शे खास जागा आहेत. तिथे जी आणि ए या अक्षरांची पुनरावृत्ती असलेली सुमारे २१ अक्षरांची खूण सापडते. २००८ मध्ये ती ओळखली गेली. पण याने प्रश्न पुरता सुटत नाही. अशी खूण बाकीच्या गुणसूत्रांवरही पुष्कळ ठिकाणी आहे. एक्सवर ती जास्त दाट आहे इतकंच. क्लॅम्प नावाचं एक प्रथिन अशा खुणांवर बसून जागा मोकळी ठेवतं, पण तेही सगळ्याच गुणसूत्रांवर बसतं. नुसत्या खुणेवरून एक्स ओळखणं म्हणजे गर्दीत नुसत्या सदऱ्याच्या रंगावरून माणूस शोधणं.

उरलेली मदत कुठून होते, ते एका सुंदर प्रयोगातून कळलं. आरओएक्स-१ आणि आरओएक्स-२ या दोघांची जनुकं एक्सवरच आहेत. १९९९ मध्ये आरओएक्सचं जनुक उचलून दुसऱ्याच एका गुणसूत्रावर बसवलं गेलं. लाळग्रंथीतल्या फितींवर पाहिलं तर यंत्र त्या परक्या जागी जाऊन बसलेलं, आणि काही वेळा तिथून दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेलं. जिथे आरओएक्सचा आरएनए जन्मतो तिथेच, त्याच्या जन्माच्या वेळीच, यंत्र जुळत असावं आणि जवळच्या जागा आधी धरत असावं. एक्सने यंत्राचा एक भाग आपल्या घरात ठेवला आहे, म्हणून यंत्र एक्सच्या घरी येतं.

उतरल्यावर पसरायचं कसं, याला वेगळा नियम आहे. यंत्र एक्सवर सरसकट लेप देत नाही. जी जनुकं आधीच चालू आहेत त्यांच्याकडेच ते जातं. चालू जनुकांच्या अंगावर एक रासायनिक निशाणी असते. एमएसएल-३ ती ओळखतो. ज्याला काम नाही त्याला दुप्पट काम देऊन उपयोग काय? या दोन पायऱ्या, आधी गुणसूत्र ओळखा आणि मग त्यातलं जागं जनुक, वेगवेगळ्या ठेवल्यामुळे हे जमतं, असं मला वाटतं. एकाच खुणेवर दोन्ही कामं टाकली असती तर हजारो जनुकांपैकी प्रत्येकाला ती खूण वागवावी लागली असती.

दुप्पट म्हणजे नेमकं किती

आता एमओएफचं अवजार. पेशीत डीएनए मोकळा लोंबत नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो, प्रत्येक रिळावर सुमारे १४७ अक्षरं. हिस्टोनांना शेपट्या असतात आणि शेपट्यांवर धन विद्युतभार, तर डीएनएवर ऋण. म्हणून गुंडाळी आवळून बसते. एमओएफ एच-४ या हिस्टोनच्या शेपटीवर ठरावीक जागी, सोळाव्या क्रमांकाच्या लायसिन या घटकावर, ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतो. तिथला धन भार जातो आणि रिळं एकमेकांना कमी चिकटतात. नराच्या एक्सवर ही निशाणी खच्चून भरलेली असते, हे १९९२ मध्येच दिसलं होतं. लाळग्रंथीतला तो पिंजलेल्या कापसासारखा फिका दोर आठवा.

सैल झालेल्या डीएनएवर आरएनए काढणारं एन्झाइम जास्त वेळा कामाला लागतं, की लागलेलं काम अडखळल्याशिवाय पुढे नेतं? एका गटाच्या मोजमापांनी दुसऱ्या शक्यतेला बळ दिलं, दुसऱ्या गटाच्या मोजमापांनी पहिल्या. यावर बरीच खडाजंगी झाली आहे.

दोनपट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण अवघड तोच आहे. पेशीत जनुक चालू-बंद होतं तेव्हा शंभरपट फरकही सहज पडतो. इथे मात्र काही जनुकं मंद चालणारी, काही भरधाव, आणि त्या सगळ्यांचं काम आपापल्या पातळीपासून साधारण दुप्पटच व्हायला हवं. अडीचपट नको, दीडपट नको. मोजमापं सांगतात, की यंत्राचा स्वतःचा वाटा दोनपटीपेक्षा कमी, सव्वा ते दीडपटीच्या दरम्यान भरतो. बाकीची भर पेशीच्या सर्वसाधारण स्वभावातून येते. कुठल्याही जनुकाची एक प्रत गेली की उरलेली प्रत थोडी जास्त राबते. जेम्स बर्चलर यांच्यासारखे काही संशोधक तर यंत्राच्या कामाचा अर्थच निराळा लावतात. त्यांच्या मते गुणसूत्रांचं प्रमाण बिघडल्यावर जो परिणाम सगळीकडेच होतो तोच एक्सला सावरतो, आणि यंत्र त्याला आवर घालतं. बहुतेकांना हे पटलेलं नाही, पण यंत्र एकट्यानेच सगळं करतं असंही आता कुणी म्हणत नाही.

अपवादही आहेत. व्हाइट जनुकाचाच इओसिन नावाचा एक प्रकार आहे, त्यात मादीचे डोळे नरापेक्षा गडद असतात. म्हणजे भरपाई इथे हुकते. नशीब, की मुलर यांच्याकडे जर्दाळूही होता.

माशीची जुनी आठवण

सगळ्या माश्या-डासांत हेच यंत्र असेल असं मानणं चूक ठरेल. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासातही नराचा एक्स दुप्पट चालतो, पण ते काम करणारं प्रथिन निराळंच आहे. २०२३ मध्ये त्याचा शोध लागला. उलट एमएसएलची बरीचशी प्रथिनं माणसातही आहेत, जरी आपली मात्रा-भरपाई सर्वस्वी वेगळी आहे. माणसातलं एमएसएल-३चं जनुक बिघडलं तर मुलांची वाढ आणि बोलणं उशिरा होतं. २०१८ मध्ये या विकाराचं वर्णन झालं, आणि त्यात फळमाशीच्या मात्रा-भरपाईवर अनेक वर्षं काम करणाऱ्या आसिफा अख्तर यांचा मोठा वाटा होता. म्हणजे अवजारं जुनी आहेत. माशीने ती उचलून एक्सच्या कामाला लावली.

ती कशी लागतात हे जवळजवळ घडताना पाहायला मिळतं मिरांडा नावाच्या फळमाशीत. तिच्यात सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी एक साधं गुणसूत्र वायला जोडलं गेलं. त्याचा जोडीदार आपोआप नवा एक्स झाला. उत्क्रांतीच्या हिशेबाने ही कालचीच गोष्ट. त्या नव्या एक्सवर उतरण्याच्या जागा नव्हत्या. त्या आल्या कुठून? क्रिस्टोफर एलिसन आणि डोरिस बाखट्रोग यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की उड्या मारत फिरणारा डीएनएचा एक उपरा तुकडा तिथे ठिकठिकाणी बसला होता. त्यातली काही अक्षरं गळाली आणि यंत्राला हवी तशी खूण तयार झाली. प्रतींमागून प्रती पसरवण्याचा त्या तुकड्याचा स्वभावच, त्यामुळे खूणही गुणसूत्रभर पसरली.

आणि आपल्या नेहमीच्या फळमाशीचं ते ठिपक्याएवढं चौथं गुणसूत्र? त्यावर जेमतेम शंभरेक जनुकं. त्याच्या चालू जनुकांवर पीओएफ नावाचं प्रथिन बसलेलं असतं, नरातही आणि मादीतही. एकाच ठरावीक गुणसूत्रावर बसणारं प्रथिन ही दुर्मीळ गोष्ट आहे. दुसरं उदाहरण म्हणजे एमएसएल. साध्या गुणसूत्राला असं खास प्रथिन कशासाठी? बिआत्रिस विकोसो आणि बाखट्रोग यांनी इतर माश्यांची गुणसूत्रं तपासली तेव्हा कळलं, की हे चौथं गुणसूत्र पूर्वजांमध्ये एक्स होतं. पुढे लिंग ठरवण्याचं काम दुसऱ्या गुणसूत्राकडे गेलं आणि हे पुन्हा साधं झालं. फळमाशीच्या काही नातलग जातींमध्ये पीओएफ आजही नराच्या एक्सवर बसलेलं दिसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत हरवली तर माशी जन्माला येत नाही, हे वर आलंच आहे. चौथ्याची एक प्रत हरवली तर येते. अंगाने लहान, सावकाश वाढणारी, केस आखूड असलेली, पण जिवंत. तिच्यातून पीओएफ काढून घेतलं तर मात्र तीही वाचत नाही.